फुकेतमध्ये एक रविवार, फक्त रस्त्यावरच्या खाण्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि अंडंसुद्धा न खाणाऱ्या सासूबाई. मुक्काम फुकेतला, पातोंग बीचवर. हातात एक मोकळा रविवार. गाइड किंवा टूर न घेता दिवसभर थाई स्ट्रीट फूड खायचं आहे, पण सासूबाई उपाशी राहता कामा नयेत. ताईंनी सोबत अठरा दुकानांची यादी दिली आहे आणि विचारलंय, यातली कुठली ठेवू, कुठली गाळू?

ताई, अख्खी यादीच गाळा. तुमची दुकानं चांगली असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण फुकेतमधलं रस्त्यावरचं खाणं घड्याळावर चालतं. सकाळी सातला जे मिळतं ते दहाला संपलेलं असतं. दुपारचं संध्याकाळी मिळत नाही, आणि संध्याकाळच्या गाड्या चारच्या आधी लागत नाहीत. मी २००९ पासून मराठी ग्रुप घेऊन इथे येतोय, आणि पहिल्या वर्षी माझ्याकडेही अशीच यादी होती. त्या दिवशी सात दुकानांपैकी चार बंद मिळाली आणि तिथे पोचायच्या आधीच लोकांची पोटं भरली होती. तेव्हापासून मी दुकानं मोजत नाही. दिवसाचे तीन तुकडे करतो: सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन पदार्थ, आणि मध्ये पोटाला सुट्टी.

दुसरी गोष्ट, पातोंगमध्ये राहून हा दिवस करू नका. तिथे बानझान मार्केट आहे, समोर गाड्याही लागतात, फळं घ्यायला ते ठीक आहे. पण ते पर्यटकांसाठी आहे, आणि भाव आणि तिखट दोन्ही पर्यटकांच्या बेताचं असतं. खरं खाणं बेटाच्या पलीकडच्या अंगाला, फुकेत टाउनच्या जुन्या भागात. पातोंगपासून पंधराएक किलोमीटर. हे शहर कथिलाच्या खाणींवर वाढलं. फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियेन चिनी माणसांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांच्या पोरांना इथे ‘बाबा’ म्हणतात, आणि या बाबा घरांतून जे शिजलं ते बँकॉकमध्ये शोधून सापडत नाही. २०१५ साली युनेस्कोने फुकेतला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, तो याच खाण्यासाठी.

सकाळी साडेसहाला निघा. हो, सुट्टीच्या दिवशी. निळ्या रंगाच्या लाकडी बाकांच्या सोंगथ्याव, म्हणजे आपल्या वडापसारख्या गाड्या, बीच रोडवरून टाउनला जातात. हात दाखवला की थांबतात, माणशी चाळीस-पन्नास बाथ. मजा म्हणून छान आहेत, पण दर थांब्याला भरत जातात आणि सासूबाईंना मागून चढायला उंच पडेल. चौघांसाठी सकाळी ग्रॅब किंवा बोल्ट या मोबाइल अ‍ॅपवरून टॅक्सी घ्या, चारशेच्या आसपास होईल. वाटेत पातोंगचा घाट लागतो. माथ्यावर एक देवस्थान आहे, तिथे ड्रायव्हर हॉर्न देऊन पुढे जातात. खंबाटकी किंवा कशेडीतून गेलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. टॅक्सीवाल्याला ‘रानोंग रोड, तलाद’ एवढंच सांगा. तलाद म्हणजे बाजार.

रानोंग रोडचा हा बाजार रात्रीपासून जागा असतो आणि सकाळी बाहेरच्या फुटपाथवर ओसंडून वाहतो. आत शिरल्यावर पहिला वास येईल तो तुमच्या ओळखीचा असेल की नाही, ते तुम्ही मासे खाणारे आहात की नाही त्यावर. ‘कापी’ म्हणजे कोळंबीच्या बारक्या जातीची मुरवलेली पेस्ट. आपला जवळा डोळ्यासमोर आणा, तो कुटून, मीठ घालून, उन्हात मुरू दिलाय असं समजा. शेजारी ‘कुंग सियाप’: काडीला टोचून धुरावर सुकवलेल्या कोळंब्या. मी वेंगुर्ल्याचा, मला त्या बघून सोड्यांचीच आठवण येते. घरी नेणार असाल तर पाकीटबंद घ्या, नाहीतर बॅगेतले कपडे दोन धुण्यांत माणसात येणार नाहीत.

सकाळचा खरा पदार्थ म्हणजे खानोम चीन. आंबवलेल्या तांदळाच्या मऊ शेवया. कोकणात शिरवाळे करतात, त्या जातीच्या, फक्त ओल्या आणि किंचित आंबूस. तिथे गोड रस ओततात, इथे माशाची आमटी. दुकानात मोठी पातेली मांडलेली असतात: नाम या म्हणजे माशाच्या वाटणाची, नारळाच्या दुधातली आमटी, नाम फ्रिक म्हणजे गोडसर, दाण्याच्या अंगाने जाणारी, आणि काएंग ताय प्ला, जी माशाच्या आतड्यांच्या खारवलेल्या रसापासून करतात. शेवटची जपून. मी तिखट खाणारा माणूस आहे आणि पहिल्या वेळी मला बोलता येईना. मुलीला नाम फ्रिकची द्या, तिला आवडेल.

टेबलावर कच्च्या भाज्यांचं ताट आधीच ठेवलेलं असतं. चवळीच्या शेंगा, काकडी, तुळशीच्या जातीची पानं, लोणचं, कधी अननसाच्या फोडी. ते फुकट असतं आणि शोभेचं नसतं. आमटी जितकी तिखट तितकी पानं जास्त खायची, हीच तिथली रीत. सतून रोडवर आणि बाजाराच्या आजूबाजूला अशी दुकानं आहेत. प्लेट पन्नास-साठ बाथ. चौघांत तीन मोठी माणसं असली तरी दोनच प्लेट घ्या. हा नियम दिवसभर पाळायचा: काहीही आवडलं तरी दुसरी प्लेट नाही. मराठी माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण आपण पैसे मोजले की पोट भरूनच उठतो.

सासूबाईंसाठी इथे काही नाही, हे आधीच सांगतो. शेवया नुसत्या मागता येतील, पण आमटीत मासा आहेच. त्यांचा नाश्ता दोन पावलांवर आहे. बाजाराच्या बाहेर पातोंगको म्हणजे तळलेल्या मैद्याच्या जोडकाड्या आणि सोबत गरम सोयाबीनचं दूध मिळतं, ‘नाम ताव हू’. दूध गोड नको असेल तर ‘माय वान’ म्हणायचं. शिवाय खानोम क्रोक शोधा. लोखंडी किंवा मातीच्या खळग्यांच्या तव्यावर नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ ओततात, वरून कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे, दोन अर्ध्या वाट्या जोडून एक गोळा. आपलं आप्पेपात्रच. खालून कुरकुरीत, वरून खीर. अंडं नसतं. पाच मिनिटं थांबल्याशिवाय तोंडात टाकू नका, आतलं दूध जीभ भाजतं. सासूबाईंना कांदा चालत नसेल तर पात न घालता सांगा.

आता शाकाहाराचं जरा सविस्तर, कारण इथेच मराठी कुटुंबांचा दिवस बिघडतो.

थाई भाषेत शाकाहाराला दोन शब्द आहेत. एक ‘मांगसविरत’. नीट ऐका: मांस आणि विरती. संस्कृतातूनच गेलेला शब्द आहे, जसा जेवणाला त्यांचा ‘आहान’ म्हणजे आपला आहार. पण मांगसविरतमध्ये अंडं चालतं, आणि विक्रेत्याच्या समजुतीप्रमाणे माशाचं पाणीही, म्हणजे फिश सॉस, चालून जातं. तुम्हाला हवा तो दुसरा शब्द, ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, आकड्यातल्या सतरासारखं दिसणारं. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, आणि वर लसूण-कांदाही नाही. आपल्याकडच्या जैन जेवणाच्या अगदी जवळ जातं, फक्त कंद चालतात. म्हणून सासूबाईंनी ‘नो मीट, नो एग’ असं काही सांगत बसू नये. ‘किन जे खा’ एवढंच म्हणावं, म्हणजे मी जे खाते. ‘खा’ हा बायकांनी वाक्याच्या शेवटी लावायचा आदरार्थी शब्द. तुमच्या यजमानांनी ‘ख्राप’ म्हणायचं.

रानोंग रोडला लागूनच जुई तुई नावाचं मोठं चिनी देवालय आहे, आणि त्याच्या आसपास जे जेवण देणारी साधी दुकानं आहेत. ट्रेमध्ये आठ-दहा भाज्या, भातावर दोन-तीन बोटाने दाखवून घ्यायच्या. सोयाबीनचं ‘मांस’ इतकं हुबेहूब करतात की सासूबाई घाबरतील, आधी सांगून ठेवा. इथेच वर्षातून एकदा नऊ दिवसांचा मोठा शाकाहारी उत्सव असतो, चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ तिथींना. २०२४ साली तो आणि आपलं नवरात्र दोन्ही ३ ऑक्टोबरलाच सुरू झाले होते. अधिक महिन्यामुळे दर वर्षी जुळत नाही. पण जुळलं तर घट बसवणाऱ्या घरातली माणसंही फुकेतच्या रस्त्यावर नऊ दिवस पोटभर खाऊ शकतात, कारण निम्म्या शहरावर पिवळे झेंडे लागलेले असतात. मात्र त्याच उत्सवात गालातून सळ्या आरपार घालून मिरवणुका निघतात. मुलीला घेऊन असाल तर मिरवणुकीची वेळ बघून जा.

एक कबुली इथे देऊन टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ग्रुपमधल्या एका काकूंची एकादशी होती. बाजारात पारदर्शक, चकचकीत, साबुदाण्याचे गोल लाडू वाफवून ठेवलेले दिसले. नाव विचारलं तर ‘साकू’. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, काकू, हा घ्या तुमचा उपास. त्यांनी दोन खाल्ले, दाण्याचा कूट छान लागतोय म्हणाल्या, आणि तिसऱ्याला थांबून विचारलं, “अरे, हा आतला खिमा सोयाबीनचा का?” पूर्ण नाव होतं साकू साय मू. साय म्हणजे सारण, मू म्हणजे डुक्कर. काकू मला नंतर कधीही काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून माझ्या ग्रुपमध्ये सासूबाईंच्या वयाचं कोणी असलं की कुठलाही गोळा मी आधी फोडून बघतो.

तेव्हा चार शब्द पाठ करा, सुदैवाने ते आपल्याला सोपे आहेत. ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. ‘पेट’ म्हणजे बदक आणि ‘फेट’ म्हणजे तिखट. युरोपी पर्यटकांना क आणि ख, प आणि फ वेगळे ऐकूच येत नाहीत, त्यांना तिखट नको म्हणताना बदक नको म्हटलं जातं. आपण बाराखडी शिकलोय. फक्त फ हा ‘फळ’मधला, दोन्ही ओठ मिटून; ‘फॅन’मधला नव्हे. नको म्हणायला ‘माय साय’ म्हणजे घालू नका. माय साय मू, डुक्कर नको. माय साय नाम प्ला, माशाचं पाणी नको. माय फेट, तिखट नको. मुलीसाठी हे शेवटचं म्हणा, तरीही थोडं तिखट येईलच.

नऊच्या सुमारास थलांग रोडकडे चालत जा, दहा मिनिटंही लागत नाहीत. दोन्ही बाजूंना जुन्या चिनी-पोर्तुगीज धाटणीची घरं आणि त्यांच्या खालून जाणारी कमानींची पडवी. हिला इथे ‘न्गो खा खी’ म्हणतात. दिवसभर याच पडवीतून चाला, उन्हात उतरू नका. दुपारी बारानंतर उघड्या रस्त्यावर चाललात तर संध्याकाळच्या बाजाराला तुम्ही नसाल, हॉटेलच्या पलंगावर असाल.

थलांग रोडवर मुस्लिम रोटीवाल्यांची जुनी दुकानं आहेत. सकाळी दहाच्या आधी गेलात तर तव्यावर पोळी हवेत फेकून पातळ करताना दिसेल. मलबारच्या परोट्याची ही चुलत बहीण, समुद्रमार्गे इथवर आलेली. कोंबडीच्या रश्शाबरोबर घ्या, किंवा केळं आणि आटवलेलं दूध घालून. मुलीचं मन इथेच जिंकलं जाईल. दोन सावधगिऱ्या: रश्शांत गोमांसाचा असतो, त्याला ‘नुआ’ म्हणतात, आणि रोटीच्या पिठातच बऱ्याचदा अंडं असतं, त्यामुळे सासूबाईंनी टाळावी. दुसऱ्या बाजूने फायदा असा की हिरव्या हलाल चिन्हाच्या दुकानात डुकराचं मांस किंवा चरबी नसते. तुमच्या घरात ते खात नसतील तर दिवसभर गोंधळ झाला की हे हिरवं चिन्ह शोधा.

इथून पुढे अकरापर्यंत काही खाऊ नका. सोई रोम्मानी ही छोटी गल्ली बघा, फोटो काढा. ताज्या नारळाचं पाणी प्या. बर्फाची भीती अनेकांना असते. पेयांत जो मध्ये भोक असलेला नळीसारखा बर्फ असतो तो कारखान्यातला, पिण्याच्या पाण्याचा. तो मी स्वतः इतकी वर्षं निर्धास्त पितोय. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा बर्फाने नाही. सकाळी शिजवलेली आमटी संध्याकाळी कोमट खाल्ली किंवा दिवसभरात पाणी कमी प्यायलं, की बिघडतं. भात आणि ट्रेमधल्या भाज्यांचं जेवण म्हणूनच दुपारच्या आत खायचं. रात्री फक्त समोर भाजलेलं, तळलेलं, परतलेलं.

दुपारचं ठिकाण म्हणजे याओवारात रोड आणि डिबुक रोडच्या कोपऱ्यावरचं लोक तियेन. छपराखाली छोट्या छोट्या टपऱ्या आणि मध्ये टेबलं. एकाच जागी बसून चार जुने पदार्थ खाता येतात, सासूबाईंचे पायही दुखत नाहीत. साडेअकराला जा. बारानंतर बसायला जागा मिळत नाही.

होक्कियेन मी मागवा. जाड पिवळ्या नूडल्स, थोडा रस्सा, वरून अर्धवट शिजलेलं अंडं. मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा असतो, समुद्री हवं असेल तर ‘थाले’ म्हणा, म्हणजे समुद्र. मग ओ-ताव. हा पदार्थ कोकणी माणसाला फसवतो. बारकी कालवं आणि अळकुड्यांचे तुकडे, पिठात आणि अंड्यात तव्यावर परतलेले. आमच्याकडे कालवं आहेत, अळकुड्या आहेत, तवा आहे, आणि हे दोन एकत्र कुणालाही सुचलं नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं. वर कुरकुरीत काहीतरी भुरभुरलेलं असतं ते डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे, ‘काक मू’. नको असतील तर ‘माय साय काक मू’. लो-बा नावाची थाळी शेजारच्या टेबलावर दिसेल: डुक्कराचं डोकं आणि आतले अवयव मसाल्यात शिजवून तळलेले, चिंचेच्या चटणीबरोबर. बाबा लोकांचा जीव त्यावर आहे. खाणारे असाल तर सोडू नका, नसाल तर मुलीला त्या बाजूला बसवू नका.

आणि ओ-एव. हे सासूबाईंचं. उंबराच्या कुळातल्या एका वेलीच्या बिया पाण्यात भिजवून चोळतात, केळ्याच्या मदतीने त्याची पारदर्शक जेली जमते. त्यावर किसलेला बर्फ, लाल सरबत, गोड राजम्यासारखे दाणे, आणि हवी असेल तर काळी जेली. जेलीला स्वतःची चव जवळजवळ नसते. ती फक्त थंड असते. एप्रिलच्या उन्हात त्या वाटीपुढे गुलकंद, सब्जा सगळं विसरायला होतं. याओवारात रोडवरून आत जाणारी सोई सून उतिस ही गल्ली ओ-एवसाठीच ओळखली जाते. लोक तियेनमध्ये गर्दी असली तर तिथे जा. वाटी तीस-चाळीस बाथ. ही एकच वस्तू आहे जिच्या बाबतीत दुसरी वाटी नाही हा नियम मी मोडतो.

एक ते चार काही खायचं नाही. हे तीन तास लोकांना वाया गेल्यासारखे वाटतात आणि ते पातोंगला परत जाऊन येतो म्हणतात. जाऊ नका. जाऊन-येऊन दीड-दोन तास रस्त्यात जातील आणि परत यायचा कंटाळा येईल. क्राबी रोडवर जुन्या चिनी शाळेच्या इमारतीत थाई हुआ म्युझियम आहे. बसायला मिळतं, सावली असते, आणि सकाळपासून तुम्ही जे खाल्लं ते कुठून आलं हे तिथे भिंतींवर दिसतं. नाहीतर तासाभराचं पायाचं मसाज घ्या. सासूबाई आधी नको म्हणतील, नंतर उठणार नाहीत.

चारनंतर थलांग रोड वाहनांना बंद होतो आणि तिथे रविवारचा बाजार भरतो: लाट याय. दक्षिणेकडच्या बोलीत तलादचं ‘लाट’ होतं, याय म्हणजे मोठा. थोरला बाजार म्हणा. चारला गाड्या लावणं चालू असतं, पाच ते सात ही चांगली वेळ, सातनंतर मुंगीच्या चालीने सरकावं लागतं. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात खिशात ठेवून चाला. मुलीला तेवढ्यापुरती एक उसाच्या रसाची बाटली द्या. परतताना खायचं.

गाडी कशी निवडायची? रांग बघा, पण रांगेत कोण आहे तेही बघा. स्कूटरवरून आलेली स्थानिक माणसं असतील तर उभे राहा. सगळेच फोन वर धरून उभे असतील तर पुढे चला. एकच पदार्थ करणारी गाडी वीस पदार्थांच्या गाडीपेक्षा बरी. निखाऱ्यावर भाजलेलं स्क्विड, आपलं माकूल, तुकडे करून हिरव्या आंबट-तिखट पाण्याबरोबर देतात. हे पाणी मागून घ्या, पर्यटकांना कधी कधी गोड सॉस देऊन बोळवण करतात. कोंबडीचा साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले तुकडे, दाण्याच्या चटणीबरोबर मुलीला चालेल. अपोंग शोधा: निखाऱ्यावरच्या छोट्या कढयांत तांदूळ-नारळाचं पीठ फिरवून केलेलं जाळीदार, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि गरम असतानाच गुंडाळलेलं. नावातच आप्पम आहे. यात अंडं असतं, सासूबाईंना नको.

त्यांच्यासाठी मार्च ते मे असेल तर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. हापूसशी तुलना करायची नाही, तो वेगळा आंबा आहे, पातळ सालीचा आणि नुसता गोड. मोसम नसेल तेव्हाही देतात, पण तेव्हा आंब्याला चव नसते. त्याऐवजी बांबूच्या नळीत भाजलेला ‘खाव लाम’ घ्या, चिकट भात, नारळ आणि काळे घेवडे. भाजलेली केळी, मका, उकडलेल्या शेंगा, अननस हेही आहेच. फुकेतचा अननस लहान असतो आणि करकरीत, तो न खाता परत येऊ नका.

सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. तुम्ही दोघांनी खा, एकाच मिरचीची सांगा: ‘फ्रिक मेट दियाव’. थाई बुटकी मिरची लवंगीच्या बरोबरीची आहे आणि ती उखळात ठेचली जाते, वेचून काढता येत नाही. सासूबाईंना, माशाचं पाणी न घालता करून देतो असं कुणी म्हटलं तरी, देऊ नका. त्याच उखळात आधीच्या गिऱ्हाइकासाठी खारवलेला खेकडा ठेचलेला असतो, आणि दोन गिऱ्हाइकांमध्ये उखळ कुणी धूत नाही.

पैशाचं. एक बाथ म्हणजे पावणेतीन-तीन रुपये धरा. सगळीकडे क्यूआर कोड लटकलेले दिसतील, पण ते थाई बँकखात्यांसाठी आहेत असं समजून रोख ठेवा, आणि सुटे ठेवा: वीस, पन्नास, शंभर. तीस बाथच्या आप्प्यांसाठी हजाराची नोट काढली की आजी नुसती हसते आणि शेजारच्या गाडीकडे सुट्यांसाठी धावते, तोवर तिचा घाणा करपतो. एटीएममधून परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर बाथ कापले जातात, तेव्हा एकदाच काढा. चौघांचं दिवसभराचं खाणं, दोन्ही वेळची टॅक्सी आणि म्युझियम धरून तीन हजार बाथ घेऊन निघा. आमच्या ग्रुपमध्ये त्यातले थोडे उरतात. घासाघीस कपड्यांच्या गाडीवर करा, खाण्याच्या गाडीवर करत नाहीत.

पाठीवरच्या पिशवीत ओले टिश्यू, एक रिकामी प्लास्टिक पिशवी (कचऱ्याचे डबे गर्दीत सापडत नाहीत), ओआरएसची दोन पाकिटं, मे ते ऑक्टोबर असेल तर छत्री. सासूबाईंसाठी घरचा खाकरा किंवा दशम्या ठेवल्यात तर त्यात कमीपणा नाही. मी स्वतः अजूनही शेंगदाण्याची चिक्की ठेवतो. मुलीला एक गोष्ट सांगून ठेवा: टेबलावरच्या चार बाटल्यांतली पांढरी भुकटी मीठ नसून साखर आहे. नूडल्समध्ये साखर घालणारा देश आहे हा, आणि ती घातल्यावर चव खरंच जमते.

परतीच्या निळ्या गाड्या संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बंद होतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. रस्त्यावरच्या टुकटुकवाल्याला भाव विचारायच्या आधी फोनवर ग्रॅबचा भाव बघून ठेवा. आठच्या आत निघा, त्यानंतर सगळा बाजार एकाच वेळी टॅक्सी मागतो. थलांग रोडवर गाडी येऊ शकत नाही, म्हणून चालत रानोंग रोडच्या टोकाला सुरियादेत चौकातल्या कारंज्यापाशी या आणि तिथून बोलवा. रस्ता ओलांडायच्या आधी कोपऱ्यावर ताव सो मिळेल, मुगाच्या सारणाची खारी-गोड कचोरी म्हणता येईल अशी. सोमवारी विमानात खायला होते. सासूबाईंसाठी घेताना ‘जे’ लिहिलेला डबाच घ्या, बाकीच्यांत डुकराची चरबी असू शकते.